गाड्या ओढणारी माता

मंगळवार होता, आणि ओढमातेच्या वळणावर पाय ठेवायला जागा नव्हती. बऱ्हाणपूरहून आलेल्या जीपा, ट्रॅक्टर, फटफट्या आणि केळी उतरवून रिकाम्या झालेल्या पिकअप गाड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कशाही लावलेल्या. माणसं नारळ, लिंबं आणि मोबाईल उंच धरून एकाच दिशेला पाहत होती.

तिकडे घाटाच्या पायथ्याशी एक पांढरी जीप उभी होती. तिच्यापासून वळणावरच्या देवळीपर्यंत रस्ता सरळ चढत आलेला सगळ्यांना दिसत होता. रस्त्याच्या कडेनं भगव्या झेंड्यांचे बांबू रोवलेले, तेही देवळीकडे झुकलेले.

"चाबी बंद!" यादवबाबा भोंग्यातून गरजला. "गिअर न्यूट्रल! ब्रेक से पाँव हटाओ, मन से घमंड हटाओ! मातेला तुमचं पेट्रोल नको, डिझेल नको. मातेला भाव पाहिजे, भाव! बोला, ओढमाते की..."

"जय!"

जीप हलली. आधी इतकी सावकाश, की हलली की भास झाला ते कळेना. मग चाकं फिरू लागली, आणि इंजिन बंद असलेली, बायकांनी खच्चून भरलेली ती जीप चढावर आपोआप येऊ लागली. वर येता येता तिचा वेग वाढला. बाया रडत होत्या, कुणी रस्त्यावर लोटांगण घालत होतं. जीप देवळीजवळ पोचली तसे बाबाच्या दोन चेल्यांनी पुढच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सारले आणि ती हिसका देऊन थांबली.

जीपमधून मालूबाई उतरल्या. डोळे पाण्यानं भरलेले. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या सुनेपाशी त्या तडक गेल्या.

"पाहिलं ना? आता तरी हात जोड."

ज्योत्स्नानं हात जोडले नाहीत. ती पुढच्या धामणझिरी गावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. जीप चढताना तिनंही पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या अंगावरही काटा आला होता. पण जे आपल्याला समजलं नाही त्याच्यापुढे लगेच नारळ फोडायचा, हे तिला पटत नव्हतं.

"आई, हे कसं होतं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण भरलेली गाडी बंद करून सोडून द्यायची, हे धोक्याचं आहे. इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा कडक होतो. चाबी काढली तर स्टिअरिंगही अडकू शकतं."

"पोरं शिकवून शिकवून तुझं डोकं फिरलं," मालूबाई म्हणाल्या आणि बाबाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. धाकट्या मुलाच्या, निरंजनच्या पिकअपसाठी त्यांना काळा दोरा हवा होता.

हा यादवबाबा काही हिमालयातून उतरलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी याच वळणावर त्याचं पंक्चरचं खोपट होतं. मग एके दिवशी म्हणे माता त्याच्या स्वप्नात आली. जुन्या टायरांच्या ढिगाऱ्यावर शेंदूर चढला, खोपटाची देवळी झाली, आणि हवा भरणारा यादव लोकांच्या डोक्यात हवा भरू लागला. वळणाच्या पुढे नाल्यावरची अरुंद पुलिया होती. तिथे पूर्वी क्वचित कधी गाडी घसरायची. बाबा गादीवर बसल्यापासून महिन्याआड एखादी गाडी नाल्यात जाऊ लागली. त्यालाही त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

"जो माता के सामने ब्रेक मारेगा, वो माता से लड़ेगा," तो मालूबाईंच्या हातात दोरा ठेवत म्हणाला. "पोराला सांगा, माझ्या हद्दीत आला की ब्रेकवरचा पाय काढायचा. माता सांभाळते."

मालूबाईंनी घरी जाऊन तो दोरा निरंजनच्या स्टिअरिंगला बांधला आणि बाबाचं वाक्य अक्षर न चुकवता त्याला सांगितलं. निरंजन हसला, पण आईचं मन मोडायला नको म्हणून "हो" म्हणाला.

पंधरवड्यानं निरंजन घाटापलीकडच्या मळ्यातून केळी घेऊन निघाला. भर दुपार होती, रस्ता कोरडा होता. पिकअप शिगोशीग भरलेली, आणि जागा नाही म्हणून हमाल गोटू मागे घडांच्या ढिगावर बसलेला. या भागात सगळेच बसतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ओढमातेच्या वळणावर गाडी वळलीच नाही. पुलियाचा कठडा तोडून ती नाल्यात उलटली. निरंजनच्या कमरेचं हाड मोडलं. गोटू जागच्या जागी गेला. त्याच्या मागे त्याची बायको रुपाली आणि दोन लहान मुली उरल्या.

बऱ्हाणपुरातल्या लालबागच्या दवाखान्यातून निरंजनला लोधीपुऱ्यातल्या घरी आणलं, त्याच्या आधीच बाबाचा निरोप तिथे पोचला होता. कठड्याजवळ टायर घासल्याच्या काळ्या रेघा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणजे पोरानं ब्रेक मारला. मातेशी लढला. म्हणून मातेनं आपला वाटा घेतला.

"वाटा!" ज्योत्स्ना संतापानं नवऱ्याला म्हणाली. "एका माणसाचा जीव गेला, आणि तो म्हणतो वाटा? आणि तुम्ही सगळे ऐकून घेता?"

दिगंबर खाली मान घालून बसला होता. "बाबा काही बोलो. पण लोक काय बोलतात ते तू ऐकलंस का? निरंजननं गोटूला मारलं म्हणतात. आईपण तेच म्हणते."

मालूबाई मुलाशी बोलत नव्हत्या. त्याच्या उशाशी पाणी ठेवायच्या आणि तोंड फिरवून निघून जायच्या. निरंजन छताकडे बघत पडून राहायचा. दीडेक महिन्यानं एके सकाळी ज्योत्स्ना त्याला चहा द्यायला गेली तेव्हा त्यानं तिचा हात धरला.

"वहिनी, मला एक सांग. चढावर गाडी पळते का?"

"म्हणजे?"

"घाट उतरेपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. बरोबर चाललो होतो. घाट संपला, पुढे चढ दिसला, म्हणून मी गिअर बदलला. आईनं सांगितलं होतं म्हणून ब्रेकवरचा पाय काढला. वाटलं, चढ आहे, लोड आहे, गाडी आपसूक मंदावेल. मंदावलीच नाही, वहिनी. पळतच सुटली. मग मी घाबरून ब्रेक दाबला, तोवर वळण आलं होतं." त्यानं मान तिच्याकडे वळवली. "चढावर कशी पळेल? खरंच ओढते का ती?"

ज्योत्स्ना कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. चढावर गाडी पळत नाही. आजवर पळाली नाही आणि पुढेही पळणार नाही. मग गाडी पळाली याचा अर्थ एकच, तो चढ नव्हताच.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती स्कूटरवरून वळणावर गेली. रस्त्याच्या मधोमध उभं राहून तिनं कितीही डोळे फाडून पाहिलं तरी तो चढच दिसत होता. तिनं पिशवीतली बाटली काढली आणि डांबरावर पाणी ओतलं. पाण्याचा ओघळ वळवळत देवळीच्या दिशेनं, वरच्या बाजूला निघाला. तिला इतका आनंद झाला की देवळीपाशी बसलेल्या माणसांना तिनं हाक मारून बोलावलं.

"बघा! पाणी नेहमी उताराकडे जातं. हा रस्ता देवळीकडे उतरतो. आपल्या डोळ्यांची फसवणूक होते आहे!"

माणसं वाकून ओघळाकडे पाहू लागली. मागून बाबा आला. त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दोन्ही हात आभाळाकडे उंचावले.

"देखो रे देखो! मास्तरीणबाई मातेची परीक्षा घ्यायला आली, आणि मातेनं पाणीसुद्धा ओढून दाखवलं! बोला, ओढमाते की..."

"जय!"

लोक त्या ओल्या रस्त्याला हात लावून कपाळाला लावू लागले. कुणीतरी तिच्या खांद्याला धक्का दिला. "दिराचं पाप झाकायला आली," एक बाई म्हणाली. एक चेला तिच्या स्कूटरला आडवा उभा राहिला. "मॅडम, इथं पुन्हा दिसू नका. माता कोपली तर आम्ही जबाबदार नाही."

ती घरी पोचायच्या आत घरी फोन आले होते. शाळेतही पालकांची तक्रार गेली. मुख्याध्यापक अरविंद सरांनी तिला बोलावून सांगितलं, की धर्माच्या भानगडीत शिक्षकांनी पडू नये. "हा धर्म नाही सर, हा रस्ता आहे," ती म्हणाली. सरांनी फाईल उघडली आणि विषय संपवला.

पण तिच्या डोक्यात विषय संपला नव्हता. बाबानं केलेली हुशारी तिला आता नीट कळली होती. उताराकडे जाणारी कुठलीही गोष्ट दाखवली, की तो म्हणणार, मातेनं ओढली. म्हणजे अशी काहीतरी गोष्ट दाखवायला हवी होती, जी खरी ओढ असेल तर झुकेल आणि नसेल तर झुकणार नाही. आणि चढ-उतार मोजायची रीत अशी हवी, की जिच्यावर बऱ्हाणपुरातला प्रत्येक माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो. घर बांधताना गवंडी ज्या रीतीनं पायाची पातळी काढतो, ती.

तिनं मळ्यातली ठिबकची, अजून भोकं न पाडलेली लांब नळी आणली, दोन्ही टोकांना पारदर्शक नळीचे तुकडे जोडले आणि आत पाणी भरलं. इतवारा बाजारातल्या दुकानातून एक ओळंबा आणला. दोरीच्या टोकाला पितळी वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचा.

पुढच्या मंगळवारी दिगंबर तिच्यासोबत निघाला. "पटलं म्हणून नाही येत," तो म्हणाला. "तुला मारतील म्हणून येतो." निरंजनही कुबड्यांवर उठला आणि हट्टानं रिक्षाच्या मागच्या सीटवर बसला.

वळणावर त्यांना पाहताच गर्दीत कुजबुज झाली, आणि कुजबुजीची आरडाओरड व्हायला वेळ लागला नाही. एक नारळाची करवंटी येऊन ज्योत्स्नाच्या दंडावर लागली. ती थांबली नाही. ती थेट बाबाच्या गादीसमोर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, माता जीप ओढते ना? बायकांनी भरलेली?"

"तीन जगांना ओढते!"

"मग एवढंसं वजन ओढेल ना?" तिनं ओळंबा हात लांब करून धरला. पितळी वजन थोडं हललं आणि थांबलं. "जीप ओढणारी माता इथे आहे, तर हे वजन देवळीकडे कललं पाहिजे. या, जवळ येऊन बघा."

दोघं-तिघं पुढे आली. दोरी सरळ खाली लोंबत होती. कुणाच्या घराच्या भिंतीशी लोंबावी तशी.

"माता को छोटी चीज़ों में रस नहीं," बाबा म्हणाला.

"मागच्या वेळी माझ्या बाटलीतल्या पाण्यात रस होता," ज्योत्स्ना म्हणाली. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. ती ओळंबा घेऊन झेंड्याच्या बांबूपाशी गेली. दोरीच्या शेजारी बांबू चांगलाच तिरपा दिसला. दुसराही तिरपा, तिसराही. बुडाला सिमेंट घालून पक्के बसवलेले. "हे मातेनं वाकवले नाहीत. बांबू वाकलेला नाही, तिरपा रोवला आहे. आपले डोळे खांब पाहून रस्त्याची पातळी ठरवतात. खांब पुढे कलवले की उतारही चढ दिसतो. आधीच वरचा घाट तीव्र उतरतो, त्याच्यापुढे हा कमी उतार चढासारखा वाटतो. बाबांनी त्यात बांबूंची भर घातली."

"खोटं आहे!" चेला ओरडला आणि नळी हिसकावायला धावला. दिगंबर मध्ये उभा राहिला. दोघांची झटापट सुरू झाली. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत मालूबाई पुढे आल्या. सून त्यांच्याकडे वळली. आता घरचीच शिवी ऐकायची, असं तिला वाटलं.

मालूबाई नळीकडे बघत होत्या. "ही पाणनळी ना? आपलं घर बांधताना गवंड्यानं लावली होती ती?"

"तीच, आई."

"ही खोटं बोलत नाही." त्यांनी हात पुढे केला. "दे एक टोक. देवळीपाशी मी उभी राहते. मातेच्या बाजूनं मी पाहते, तुझ्या बाजूनं तू पाहा."

नळी रस्त्यावर पसरली गेली. एका टोकाला घाटाच्या अंगाला ज्योत्स्ना, दुसऱ्या टोकाला देवळीशी मालूबाई. आता भोंगाही बंद होता. पाणी नळीत वरखाली झालं आणि स्थिर राहिलं.

"माझ्याकडे पाणी गुडघ्याच्याही खाली आहे," ज्योत्स्ना ओरडली. "तुमच्याकडे?"

मालूबाईंनी मान वाकवून पाहिलं. त्यांच्या हातातल्या नळीत पाणी पार छातीशी आलं होतं. शेजारच्या माणसांनी ते पाहिलं. त्यांच्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी घराची पातळी अशीच काढून घेतली होती. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत असतं. मग देवळीशी ते जमिनीपासून इतकं उंच, याचा अर्थ जमीनच तिथे खाली गेलेली.

"उतार आहे," एक म्हातारा म्हणाला. मग दुसरा म्हणाला. मग सगळीकडून तेच ऐकू येऊ लागलं. "अरे, उतार आहे हा!"

"मातेनं नळीतलं पाणीसुद्धा..." बाबानं सुरुवात केली.

"चूप!" मालूबाई कडाडल्या. त्या वळल्या. कुबड्यांवर उभा असलेला मुलगा त्यांना दिसला. "मी त्याला ब्रेकवरचा पाय काढायला लावला. भरल्या गाडीत. उतारावर. हा सांगतो म्हणून."

निरंजन म्हणाला, "आई, इथे आधी एक पाटी होती. पिवळी. मी पहिल्यांदा आलो तेव्हा वाचली होती. कुठे गेली?"

गर्दीच्या मागे पांढऱ्या साडीत एक बाई इतका वेळ उभी होती. ती गोटूची रुपाली. नवऱ्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून बाबानं तिला नऊ मंगळवार सांगितले होते. ती चालत पुढे आली. बाबाच्या गादीमागे जरीचं भगवं कापड ताणून लावलं होतं. त्याच्या कडेतून डोकावणारा पिवळा पत्रा तिनं दर मंगळवारी पाहिला होता. तिनं ते दोन्ही हातांनी धरून ओढलं. कापड फाटत खाली आलं. मागे पत्र्याची मोठी पिवळी पाटी होती, बाबाला टेकायला लावलेली. तिच्यावर ठळक काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आगे तीव्र ढलान एवं मोड़। गति धीमी रखें।' पुढे तीव्र उतार आणि वळण, वेग कमी ठेवा.

"मातेनंच सांगितलं होतं..." बाबा पुटपुटला.

"माझ्या माणसाला तू मारलंस," रुपाली म्हणाली. ती ओरडली नाही.

त्यानंतर लोक बाबावर तुटून पडले. मघाशी जय म्हणणारेच हात आता त्याची दाढी धरत होते. ज्योत्स्ना आणि दिगंबरनं मध्ये पडून त्याला देवळीच्या भिंतीशी उभं केलं. दिगंबरनं पोलिसांना फोन लावला, आणि ज्योत्स्ना ओरडली, "हात लावू नका! पोलीस येतील. पाटी काढली, गाड्या बंद करून सोडायला लावल्या, याचा जाब तो कायद्यापुढे देईल. तुम्ही मारलंत तर उद्या तोच हुतात्मा होईल आणि त्याची समाधी बांधली जाईल."

पोलीस येईपर्यंत ती तिथेच उभी राहून बोलत होती. भाषण नव्हतं ते, वैतागच होता.

"मी कुणाला देव सोडा म्हणत नाही. पण देवाच्या नावानं ब्रेक सोडू नका. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, चाबी कधीही बंद करू नका. घाट संपला असं डोळ्यांना वाटलं तरी वेगाच्या काट्याकडे बघा. पाय काढल्यावरही वेग वाढत असेल तर तो उतार आहे, डोळे काही म्हणोत. मालाच्या ढिगावर माणूस बसवू नका. पाटी वाचा. आणि कुणी काही चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, कसं होतं हे? ज्याचं खरं आहे तो सांगेल. जो चिडेल, त्याच्या गादीमागचं कापड ओढून बघा."

सगळे काही सुधारले नाहीत. आजही धामणझिरीत तिला 'मातेची वैरीण' म्हणणारी माणसं आहेत, आणि तिच्या बदलीचा अर्ज कुणीतरी दर महिन्याला करतं. बाबा जामिनावर सुटला आणि दुसऱ्या तालुक्यात कुठल्याशा विहिरीत गोड पाणी आणतो म्हणतात. तिथल्या लोकांनी ते पाणी तपासून घ्यावं.

पाटी पुन्हा घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि झेंड्यांचे बांबू उपटले गेले. तरी नवे ड्रायव्हर फसतात, कारण बांबू गेले तरी घाट तिथेच आहे आणि माणसाचे डोळेही तेच आहेत. परवा एका अनोळखी ट्रकवाल्यानं त्या उतारावर मातेच्या नावानं इंजिन बंद करायला हात पुढे केला, तर रस्त्याच्या कडेनं दोन बाया धावत आल्या. मळ्यातून डबा देऊन परतणाऱ्या मालूबाई, आणि आता त्यांच्याच मळ्यात कामाला येणारी रुपाली.

"चाबी चालू ठेव रे दादा!" मालूबाई पदर हलवत ओरडत होत्या. "पुढे उतार आहे! ब्रेकवर पाय ठेव!"

ट्रकवाल्यानं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. त्याला चढच दिसत होता. तो क्षणभर घोटाळला. मग त्यानं गिअर खाली घेतला आणि पुलियावरून सावकाश पलीकडे गेला.